अहिल्या जयंतीला महिलांचा सन्मान करायचा आहे. निवड कशी करावी?

लोकमान्यनगरी

सर्व सदस्यांना नमस्कार. इंदूरच्या पश्चिम भागातील आमच्या वसाहतीत मराठी कुटुंबांचे एक जुने मंडळ आहे. गणेशोत्सव, कोजागरी आणि दिवाळी पहाट हे कार्यक्रम आम्ही नियमितपणे करतो. यंदा ३१ मे रोजी, पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या जयंतीला, समाजकार्यात आणि नेतृत्वात उल्लेखनीय काम करणाऱ्या तीन महिलांचा सन्मान करावा, असा ठराव कार्यकारिणीने केला आणि निवड समितीचे निमंत्रकपद माझ्याकडे दिले.

ठराव एकमताने झाला. नावांवर मात्र पहिल्याच बैठकीत गाडी अडली. सुचवलेल्या नावांपैकी बरीचशी कार्यकारिणीच्या सदस्यांच्या घरातलीच होती, आणि उरलेली अशा भगिनींची होती ज्यांचा सत्कार शहरातल्या अन्य संस्थांनी आधीच केलेला आहे. नावांपुढे 'घर सांभाळून समाजकार्य', 'हसतमुख व्यक्तिमत्त्व', 'सर्वांना हवीहवीशी' असे लिहिलेले होते. त्यांनी नेमके काय केले, याचा एकाही कागदावर उल्लेख नव्हता.

म्हणून येथे विचारतो आहे. निवड कोणत्या निकषांवर करावी? अर्ज मागवावेत की समितीने स्वतः शोध घ्यावा? सन्मान मराठी भाषक महिलांपुरताच ठेवावा का? आणि शाल-श्रीफळाखेरीज काय द्यावे? ज्यांनी असे कार्यक्रम केले किंवा जवळून पाहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रामबागकर

उपक्रम स्तुत्य आहे. अहिल्याबाईंच्या नावाने दिल्या जाणाऱ्या सन्मानांची परंपरा आपल्या शहराला नवी नाही, म्हणून थोडा पूर्वेतिहास सांगतो. १९९६ मध्ये इंदूरच्या काही प्रमुख नागरिकांनी त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान नानाजी देशमुखांना दिला. केंद्र सरकारने १९९९ मध्ये स्त्रीशक्ती पुरस्कार सुरू केले, तेव्हा कण्णगी, माता जिजाबाई, राणी गाइदिन्ल्यू आणि राणी लक्ष्मीबाई यांच्याबरोबर एक पुरस्कार देवी अहिल्याबाईंच्या नावाचा होता. महाराष्ट्रात २०२३ पासून ग्रामपंचायत पातळीवर महिला व बालविकासाचे काम करणाऱ्या दोन महिलांना त्यांच्याच नावाने गौरवले जाते. त्या नावाचे वजन मोठे आहे. ते तीन जणींच्या मानपत्रावर छापण्यापूर्वी समितीने थोडा वेळ घेतला तर बिघडणार नाही.

निकषांविषयी माझे मत असे. आपण अहिल्याबाईंना बहुतेक वेळा हातात शिवपिंडी घेतलेल्या, शुभ्रवस्त्रा साध्वीच्या रूपात पाहतो, आणि मग सन्मानासाठीही तशीच सोज्ज्वळ, मृदुभाषी बाई शोधतो. प्रत्यक्षात १७६५ मध्ये मल्हाररावांनी त्यांना पाठवलेल्या पत्रात चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जाण्याची, तोफखाना बरोबर ठेवण्याची आणि दारूगोळ्याची शक्य तितकी तजवीज करण्याची सूचना आहे. ज्या सुनेवर सासरा तोफखाना सोपवतो, तिचे कर्तृत्व केवळ दानधर्मापुरते नव्हते. पुढे १७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेल्यावर त्यांनी महेश्वरहून जवळजवळ २८ वर्षे कारभार पाहिला आणि लष्करी जबाबदारी तुकोजीरावांकडे दिली. कोणते काम स्वतः करायचे आणि कोणते दुसऱ्याकडे द्यायचे, हा निर्णयही त्यांचाच होता. तुमच्या ठरावात 'नेतृत्व' हा शब्द आहे, तर निवडीत तो शेवटपर्यंत टिकवावा.

शेव_जलेबी

शालींविषयी एक नम्र सूचना : आमच्या आईच्या कपाटात सत्काराच्या इतक्या शाली साठल्या आहेत की त्यांतल्या निम्म्या ती पुढच्या सत्कारांना परत देते. श्रीफळांची चटणी होते, तेवढाच काय तो समाजाला प्रत्यक्ष लाभ.

माळव्याची_लेक

मूळ धाग्यातील 'घर सांभाळून समाजकार्य' या शब्दांपाशी मी थांबले. मी अनेक मानपत्रे वाचली आहेत, काही लिहूनही दिली आहेत. पुरुषाच्या मानपत्रात 'घर सांभाळून त्यांनी सहकारी बँक उभारली' असे वाक्य मला आजवर आढळलेले नाही, आणि ज्यांनी घर अजिबात सांभाळले नाही अशा थोर पुरुषांच्या मानपत्रांत ते लिहिणे तसेही अवघड गेले असते. महिलेच्या बाबतीत मात्र पहिला परिच्छेद स्वयंपाकावर, दुसरा मुलांच्या शिक्षणावर, तिसरा पतीच्या पाठिंब्यावर खर्च होतो. तिचे स्वतःचे काम शेवटच्या ओळीत कसेबसे मावते.

सन्मान घराच्या कर्त्याकडे जाण्याची सवय जुनी आहे. १८५२ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात स्त्रीशिक्षणाच्या कार्याबद्दल सरकारने जोतीराव फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला. तो सर्वस्वी योग्यच होता. परंतु ज्या शाळांसाठी तो झाला, त्यांत जाऊन रोज शिकवण्याचे, रस्त्यावर शेण-चिखलाचा मारा सोसण्याचे काम सावित्रीबाईंनी केले होते. जोतीराव स्वतः हे जाणून होते. व्यवस्थेला मात्र शाल कोणाच्या खांद्यावर घालायची याविषयी शंका पडली नसावी.

माझी सूचना एवढीच की मानपत्रात कुटुंबाचा उल्लेख त्या भगिनीने स्वतः सांगितला तरच करावा. पहिले वाक्य तिने काय केले, कुठे केले आणि त्याने काय बदलले, याचे असावे.

नर्मदातीरी

शाल द्यायचीच असेल, तर महेश्वरी द्या. मी महेश्वरचा आहे, त्यामुळे हा पक्षपात समजावा. अहिल्याबाईंनी गावात विणकर वसवले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो हातमाग जवळजवळ बसला होता. १९७९ मध्ये होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा ही संस्था सुरू केली आणि गावातल्या स्त्रिया मागावर बसू लागल्या. घरात बॉबिन भरणे आणि सूत सोडवणे हे काम त्या पूर्वीपासून करतच होत्या, पण मागावर बसलेल्या स्त्रीला तिच्या विणीची मजुरी तिच्या हातात मिळू लागली, हा फरक लहान नव्हे. सॅली होळकरांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

विषयांतर होते आहे, पण पूर्ण नाही. मंडळाने शाली बाजारातून घेण्याऐवजी विणकर महिलांच्या गटाकडून थेट घेतल्या आणि शालीबरोबर विणणारीचे नाव लिहिलेले कार्ड ठेवले, तर तीन सन्मानांच्या खर्चात आणखी तीन जणींची दखल घेतली जाईल.

रोखठोक

मी थोडे विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नये. सन्मान हा पैशाच्या जागी दिला जाणारा स्वस्त पर्याय झाला आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्त्यांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. दहा लाखांच्या आसपास स्त्रियांचा तो गौरव होता आणि तो सार्थही होता. परंतु ह्या स्त्रिया आजही कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका मानल्या जातात. त्यांना वेतन नाही, मानधन आणि कामागणिक प्रोत्साहन रक्कम मिळते. आपल्याच शहरात घरोघरचा ओला-सुका कचरा वेगळा होतो आणि २०१७ पासून इंदूर सतत देशातील स्वच्छ शहरांत पहिले येते, तेव्हा सफाईमित्र भगिनींच्या गळ्यात हार पडतात. पण त्यांच्या हातमोज्यांविषयी आणि आजारपणाच्या रजेविषयी किती वसाहतींनी चौकशी केली?

तुमच्या मंडळाचे सभागृहाचे भाडे, फुले, भोजन आणि मानचिन्हे यांचा एकूण खर्च काढा आणि ती रक्कम तिघींच्या कामाला द्या. भाषणे आपोआप वाचतील.

आरोग्यसेविका_निवृत्त

रोखठोक यांच्या म्हणण्यातील वेदना मला कळते, कारण आशांच्या कामावर देखरेख ठेवण्यात माझ्या नोकरीची शेवटची वर्षे गेली. मानधन वाढले पाहिजे यात दुमत नाही. तरीही सन्मान आणि मोबदला या दोन गोष्टी एकाच खात्यात मांडू नयेत, असे मला अनुभवाने वाटते.

धार जिल्ह्यातील एका गावातील आशाताईंची हकिकत सांगते. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे यासाठी त्या रात्री-अपरात्री घरोघरी जात. सासवा त्यांना दारातून परत पाठवत आणि पंच त्यांचे म्हणणे ऐकून घेत नसत. तालुक्याच्या कार्यक्रमात त्यांना एक साधे प्रशस्तिपत्र मिळाले. ते त्यांनी घरात लावले नाही, उपकेंद्राच्या दर्शनी भिंतीवर लावले. त्यानंतर गावच्या बैठकीत त्यांना खुर्ची मिळू लागली, आणि पावसाळ्यात नाला भरला की गर्भवतींना आधीच नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याजवळ हलवावे, ही त्यांची जुनी मागणी मान्य झाली. कागदाने त्यांचे पोट भरले नाही, पण गावाला त्यांचे ऐकण्यासाठी एक कारण मिळाले.

म्हणून पैसे द्या आणि सन्मानही करा. मात्र तो जिथे त्या काम करतात तिथे करा. आशाताईंना तुमच्या वातानुकूलित सभागृहात टाळ्या मिळाल्या, तर त्यांच्या गावाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

रोखठोक

काकू, हे मान्य. गावाच्या भिंतीवर लागणारा कागद असेल तर माझा विरोध मागे घेतो. सभागृहाच्या भाड्याविषयी मात्र घेत नाही.

तुळशीपाशी

कोणीच लिहिलेले नाही, म्हणून एक मुद्दा मांडते. आमच्याकडील महिलांच्या सत्कारांत हळदीकुंकू लावून ओटी भरण्याची पद्धत आहे. त्यामुळे नावांची यादी करतानाच विधवा भगिनी गळून पडतात. कोणी तसे बोलून दाखवत नाही, 'त्यांना अवघडल्यासारखे होईल' एवढेच म्हटले जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरात अहिल्याबाईंच्याच नावाचा एक कार्यक्रम झाला. शिवणवर्गातून अनेक मुलींना पायांवर उभे करणाऱ्या एका काकूंचे नाव त्यातून याच कारणाने वगळले गेले.

ज्यांच्या नावाने कार्यक्रम, त्या अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले, तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या. मल्हाररावांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले नसते, तर आज इंदूरच्या विमानतळाला आणि विद्यापीठाला दुसरे कोणते तरी नाव असते. त्यांची सगळी कारकीर्द ही एका विधवेची कारकीर्द आहे. त्यांच्या तसबिरीला हार घालून खाली विधवांना बाजूला बसवायचे, यासारखी विसंगती मला तरी दुसरी आठवत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एक खेडे जे करू शकते, ते इंदूरच्या मंडळाला जड जाऊ नये.

आजोबा_सुदामानगर

तुळशीपाशी ताईंच्या भावनेचा आदर आहे, परंतु ओटी भरणे हा अपमान नव्हे. माझ्या पिढीतील अनेक स्त्रियांना मानचिन्हापेक्षा ओटीचे अप्रूप असते. माझ्या दिवंगत पत्नीला होते. एका बाजूची कुचंबणा टाळताना दुसऱ्या बाजूचा आनंद काढून घेऊ नये. तोडगा काढावा, पण परंपरेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

तुळशीपाशी

आजोबा, आपला मुद्दा समजला. तोडगा सोपा आहे : ओटी भरायची तर सर्वांची भरा. सन्मानमूर्ती विधवा असो, अविवाहित असो वा घटस्फोटित, तांदूळ आणि खण यांना त्याचा विटाळ होत नाही. हे करायचे धैर्य नसेल, तर कोणाचीच भरू नका.

आजोबा_सुदामानगर

सर्वांची भरावी, याला माझी हरकत नाही. आमच्या घरात सुनेने हे केव्हाच सुरू केले आहे.

राजवाडा_चौक

मराठी भाषकांपुरता सन्मान ठेवण्याच्या प्रश्नाकडे येतो. ज्या बाईने आपल्या खासगीच्या उत्पन्नातून काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर येथे देवळे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या, तिच्या नावाच्या सन्मानाला वसाहतीच्या आणि भाषेच्या कुंपणात ठेवणे विचित्र दिसेल. इंदूरमधील दोन उदाहरणे घ्या. १९८५ मध्ये चंदीगडहून इंदूरला आलेल्या जनक पलटा मॅक्गिलिगन यांनी बरली संस्थेतून आदिवासी आणि ग्रामीण मुलींना शिवण, साक्षरता, आरोग्य आणि सौरचुलीवरील स्वयंपाक यांचे निवासी प्रशिक्षण दिले; झाबुआ भागात नारू रोगाच्या निर्मूलनासाठी संस्थेने केलेल्या कामाची दखल १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने घेतली, आणि त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. दुसऱ्या डॉ. भक्ती यादव. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्या त्या पहिल्या महिला. गरीब स्त्रियांची बाळंतपणे त्यांनी आयुष्यभर विनामूल्य केली. पद्मश्री जाहीर झाली ती २०१७ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

दुसऱ्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते. आपण फार उशिरा जागे होतो. तीनपैकी निदान एक सन्मान चाळिशीच्या आतल्या, अजून धडपडत असलेल्या स्त्रीला द्यावा, जिला त्या दखलेचा पुढच्या कामात उपयोग होईल.

रामबागकर

सर्वसमावेशकता तत्त्वतः मान्य आहे. परंतु मंडळ मराठी आहे, वर्गणी मराठी कुटुंबांची आहे, आणि आपल्या मुलींना आपल्या भाषेतील कर्तृत्ववान स्त्रिया दिसाव्यात हाही एक रास्त हेतू आहे. इंदुरात हिंदी भाषकांच्या संस्था कमी नाहीत. दोन सन्मान मराठी आणि एक खुला, असे करता येईल.

राजवाडा_चौक

काका, आरक्षणाची ही वाटणी ऐकून मला आपल्या नगर निगमची आठवण झाली. चला, एक खुला तर एक खुला.

सयाजीगंज_बडोदे

बडोद्याहून लिहिते आहे. सेवा आणि नेतृत्व यांतील फरक रामबागकरांनी योग्य ठिकाणी अधोरेखित केला, त्याला आमच्या शहराची जोड देते. महाराणी चिमणाबाईंना लोक राजघराण्यातील दानशूर स्त्री म्हणून आठवतात. परंतु १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. हंसा मेहता १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्याआधी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना, पहिल्या कलमातील सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत अशा अर्थाच्या रचनेला त्यांनी हरकत घेतली आणि तिथे सर्व मानव आले. एका बैठकीत, एका वाक्यावर अडून बसण्याचे ते काम होते. आपल्याकडील मंडळांच्या बैठकीत अशी अडून बसणारी बाई 'अडेलतट्टू' ठरते आणि सन्मानाच्या यादीत तिचे नाव कधीच येत नाही.

निवड समितीला माझा प्रश्न सुचवते : या भगिनीने असा कोणता निर्णय घेतला, जो घेताना तिला विरोध झाला? याचे उत्तर मिळाले, की नेतृत्व आहे की नाही ते कळते. मध्यप्रदेशात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी तिथेही हाच प्रश्न लागू पडतो.

शेव_जलेबी

अगदी लागू पडतो. आमच्याकडे 'पार्षद पती', म्हणजे नगरसेविकेचे यजमान, हे एक स्वतंत्र, बिनपगारी आणि अत्यंत व्यस्त पद आहे. सत्काराला पत्नीला बोलावले, तरी भाषण तेच करतात.

लोकमान्यनगरी

इतक्या मनापासून आलेल्या प्रतिसादांबद्दल आभार. ओटीचा मुद्दा कार्यकारिणीत मांडला आणि थोड्या चर्चेनंतर औक्षण व ओटी दोन्ही कार्यक्रमातून काढून टाकण्याचे ठरले. 'सर्वांची भरा' हा पर्याय मला अधिक आवडला होता, पण त्याला पुरेसे मत मिळाले नाही.

आता अडचण पडताळणीची आहे. शिफारसी मागवल्या, तर जिच्या ओळखी जास्त तिच्या शिफारसी जास्त येणार. समितीने स्वतः शोधायचे म्हटले, तर आम्ही पाच जण आमच्याच वर्तुळात फिरणार.

कागदपत्रे_जपणारा

पद्म पुरस्कारांच्या पद्धतीतून काही घेता येईल. तिथे कोणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो, स्वतःचे नावही देऊ शकतो, आणि कार्याचे वर्णन ८०० शब्दांच्या आत लिहावे लागते. तुम्ही २०० शब्दांची मर्यादा ठेवा आणि त्यात तीनच गोष्टी मागा : काम काय, ते कोणत्या ठिकाणी किती काळ चालले, आणि त्याचा उपयोग झालेल्या दोन व्यक्तींशी कुठे बोलता येईल. विशेषणे आली की वाचताना खोडत जा. काही शिफारसींत खोडल्यावर काहीच उरत नाही, आणि तुमचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

ओळखीच्या प्रश्नावर उपाय असा की शिफारस संस्थांकडून मागवू नये. ज्यांच्यासाठी काम झाले त्यांच्याकडून मागवावी. वस्तीतील शाळेच्या मुख्याध्यापिका, अंगणवाडीताई, भाजीमंडईतील विक्रेत्या, वृद्धाश्रमातील रहिवासी यांना समितीच्या एका सदस्याने जाऊन भेटावे आणि 'अडचण आली की तुम्ही कोणाकडे जाता?' एवढेच विचारावे. कार्यकारिणीतील व्यक्तींच्या निकटच्या नातलगांचा विचार होणार नाही, हे पहिल्याच सूचनापत्रात छापावे. नंतर सांगितले की ते कोणाला तरी उद्देशून वाटते. आणि कस्तूरबाग्रामातही एकदा जाऊन या. कस्तूरबांच्या स्मृतीसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाचे मुख्यालय आपल्या शहराच्या वेशीवर आहे. ग्रामसेविका घडवण्याचा तिथला अनुभव मोठा आहे, आणि अशा कामाची पारख करणारी माणसे तिथे भेटतील.

सत्कारमूर्ती_एकेकाळची

बरेच दिवस हा धागा वाचते आहे. ज्या बाजूला मी उभी होते, तिथून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

मी कर्णबधिर मुलांच्या पालकांचा एक गट चालवते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने माझा सत्कार केला. प्रमुख पाहुणे फार उशिरा आले, तोपर्यंत आम्हा सत्कारमूर्तींना व्यासपीठावर बसवून ठेवले होते. निवेदकाने माझ्या गटाचे नाव चुकीचे वाचले आणि मुलांचा उल्लेख 'बिचारी' असा केला. ती मुले समोरच्या रांगेत बसली होती आणि त्यांचे पालक त्यांना खुणांनी सर्व सांगत होते. छायाचित्रे काढली, मानचिन्ह दिले, आणि मनोगताची वेळ आली तेव्हा 'वेळेअभावी' आम्हाला बोलता येणार नाही असे जाहीर झाले. प्रमुख पाहुणे मात्र स्त्रीशक्तीवर भरपूर बोलले.

मला त्या दिवशी तीन मिनिटे हवी होती. श्रवणयंत्राची बॅटरी आणि दुरुस्ती कुठे होते, मूल किती लहान असताना तपासणी करून घ्यावी, हे सभागृहातल्या तीनशे लोकांना सांगायचे होते. त्यांतल्या एखाद्या घरात त्या माहितीची गरज असतीच. ते मानचिन्ह माझ्याकडे आहे, सुंदर आहे, त्यावर माझ्या नावापेक्षा प्रायोजकाचे नाव मोठे आहे.

तुम्ही ज्यांना निवडाल, त्यांना आधी भेटा आणि विचारा की या कार्यक्रमातून तुमच्या कामाला काय मिळाले तर बरे होईल. कोणी पैसे सांगेल, कोणी स्वयंसेवक, कोणी एखाद्या कार्यालयातील अडलेला कागद. आणि बोलायला द्या. नकार द्यायचीही मुभा ठेवा. प्रत्येकीला व्यासपीठ आवडते असे नाही.

माळव्याची_लेक

हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला हवा होता. मुख्य अतिथी बोलावूच नये, असे मी सुचवते.

आजोबा_सुदामानगर

अतिथीशिवाय कार्यक्रमाची बातमी छापून येत नाही, ही व्यवहाराची बाजू आहे. बोलवावे, पण खाली पहिल्या रांगेत बसवावे आणि मानपत्र त्यांच्या हातून न देता, ज्यांना कामाचा लाभ झाला अशा एखाद्या व्यक्तीच्या हातून द्यावे. अतिथी नाराज झाले, तर ती जबाबदारी माझ्यावर टाका. वयाचा तेवढा एक फायदा आहे.

लोकमान्यनगरी

काल समितीची बैठक झाली. कार्यकारिणीच्या नातलगांना वगळण्याचा नियम एका मताने का होईना, संमत झाला. त्यामुळे आमच्याच घरातून सुचवलेले एक नाव मागे घ्यावे लागले आणि त्याचे पडसाद अजून जेवणाच्या टेबलावर उमटत आहेत. शिफारस २०० शब्दांत, उपयोग झालेल्या दोघांशी समितीची प्रत्यक्ष भेट, दोन सन्मान मराठी आणि एक खुला, तिघींपैकी एक चाळिशीच्या आतील, हे सर्व मान्य झाले. महेश्वरी शालींसाठी नर्मदातीरी यांच्याशी वेगळा संपर्क साधतो. प्रत्येकीला दहा मिनिटे बोलायला मिळतील आणि अतिथींना पाच. सभागृह रद्द केले. शाळेच्या पटांगणात संध्याकाळी साडेसहानंतर कार्यक्रम होईल, कारण मे अखेरच्या उन्हात त्याआधी कोणी फिरकणार नाही. वाचलेल्या भाड्याचे तीन समान भाग करून तिघींच्या कामाला द्यायचे की सर्वाधिक निकड असलेल्या एका कामाला, यावर मात्र एकमत झाले नाही.

रोखठोक

समान भाग करू नका. तिघींना एकत्र बसवा आणि वाटणी त्यांनाच ठरवू द्या.

आरोग्यसेविका_निवृत्त

रोखठोक यांच्या सूचनेशी मी सहमत नाही. पहिल्यांदाच भेटणाऱ्या तीन स्त्रियांना पैशांवरून एकमेकींच्या कामाची तुलना करायला लावणे अवघड जाईल, आणि जिला मागण्याची सवय नाही ती गप्प बसेल. निकड समितीने भेटीच्या वेळीच विचारून घ्यावी. शिफारशीचा नमुना तयार झाला, की येथे टाकावा. धार आणि मानपूर भागातील दोन आशाताईंची नावे पाठवण्याची माझी इच्छा आहे, पण त्या वसाहतीबाहेरच्या आहेत. खुल्या सन्मानासाठी ते चालेल का?